पात्याला पाणी

अष्टमीच्या दिवशी पद्मा गेली. सकाळी तिनं चहा केला, शेडमध्ये जाऊन हत्यारं पुसली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. साडेदहाला मी हाक मारली. ती स्टुलावर होती, डोकं ऐरणीवर होतं. अकराला डॉक्टर आले. बाराला तिचा भाऊ मोहन आला.

या गोष्टीला वर्ष झालं. यंदाही कोपऱ्यावर कोहळ्यांचा ढीग लागला. बंगळुरात दसरा असाच येतो. आधी कोहळे येतात, अंगावरची पांढरी भुकटी घेऊन. मग कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून शेवंतीच्या माळा मोजून देणाऱ्या बायका येतात, आणि मग एके दिवशी सगळ्या रिक्षांच्या तोंडाला केळीचे कोंब बांधलेले दिसतात. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत यंत्रं धुतली जातात, लेथला हळदकुंकू लागतं, वर्षभर तेलकट असणारी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून येतात. रस्त्यावर कोहळे फोडले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून स्कूटर घसरतात. पद्माला ते फोडणं आवडत नसे. "खायची वस्तू रस्त्यावर कशाला ओ?" असं म्हणून ती दोन कोहळे आणायची. एक रिवाजासाठी. दुसऱ्याची ताक घालून भाजी.

पद्मा माझी बायको. पीण्यातल्या एका लहान कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये होती. केसाहून बारीक फरक मोजायचं तिचं काम. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, गावाला जातात. तिनं मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी लावली. लॉरीच्या ब्रेकचा ड्रम, त्याला खालून जोडलेला पाइप, पाइपाच्या टोकाला केस वाळवायचा ड्रायर. हा ड्रायर तिला भाचीनं भेट दिला होता आणि केसांसाठी तो तिनं एकदाही वापरला नाही. ऐरण म्हणजे भंगारातून आणलेला पोलादाचा ठोकळा, चार माणसांनी उचलून ठेवलेला. "इतकी वर्षं यंत्रानं मोजलं," ती म्हणाली, "आता डोळ्यानं मोजून बघते." रोज दहा ते बारा ती ठोकायची. शेजारच्या नागराजण्णांशी तशी बोली झाली होती. त्या दोन तासांत मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून, ठिणग्यांकडे पाठ करून वाचत बसायचो.

पाठ करून. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

मी मूळचा पुण्याचा, ग्रंथपालाची नोकरी घेऊन इथं आलो. पद्माचे लोक इथं कधी आले ते तिच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. "साडेतीनशे वर्षं झाली असतील की," असं म्हणून विषय संपायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिची वाक्यं सुधारत असे.

"आमटीत स्वल्प मीठ घाला ओ."

"स्वल्प नव्हे. थोडं."

"स्वल्प संस्कृत आहे. तुमचं थोडं कुठलं?"

मी कोश उघडून पाहिला आणि मिटून ठेवला. पुढे कधी सुधारलं नाही.

ती कानडी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची, पण लिहायची कानडी अक्षरांत. वाण्याची यादी, भावाला पत्र, हिशेबाच्या चिठ्ठ्या, सगळं आपलं मराठी त्या गोलगोल लिपीत. मला ती लिपी बसच्या पाट्यांपुरती येते. घरात तिनं लिहून ठेवलेलं मला वाचायचं असलं की मी पहिलीतल्या पोरासारखं अक्षराला अक्षर जोडायचो आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. "एवढी पुस्तकं वाचली म्हणे. 'हिंग आणा' वाचायला दहा मिनिटं!"

खंडेनवमीला ती हत्यारं ओळीनं मांडायची. मोठा घण, दोन हातोडे, तीन सांडश्या, कानशी, छिन्न्या. शेवटी माझा चष्मा आणि पेन.

"हे कशाला?"

"तुमची हत्यारं."

"मग आज वाचू कसा?"

"आज हत्यारं झोपलीत. तुम्ही पण झोपा की."

एका वर्षी मी कौतुकानं घणावर फूल ठेवायला गेलो तर तिनं माझा हात धरला. "तुम्ही नको. जो वापरतो त्यानं पूजा करायची. तुम्ही पेनाला वाहा." ती गमतीत बोलत नव्हती. दिवाळीचं, गणपतीचं काहीही चालायचं तिला, पण हा नियम ती पाळायची. वापरणार नाही त्यानं पूजा करू नये, आणि पूजाही करणार नसेल त्यानं हत्यार घरात ठेवू नये, देऊन टाकावं.

आमच्या घरात भाजी मी चिरतो, आणि विळीवर. खाली पसरलेला पेपर वाचत वाचत चिरता येतं, हा त्यातला फायदा. "एक दिवस भेंडीत बोट निघेल," असं पद्मा म्हणायची. विळी माझ्या आईची. घासून घासून पातं चतुर्थीच्या कोरीएवढं उरलं होतं आणि गेल्या वर्षी श्रावणात ते मधोमध वाकलं. मी नवी विळी बघायला बाजारात निघालो, तेव्हा पद्मानं पिशवी काढून घेतली. "मी करते. पाट तोच ठेवू, पातं नवं."

त्यासाठी आम्ही इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरला गेलो. बसस्टँडच्या मागं गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांची गल्ली आहे. तिथं पद्मा दागिन्यांच्या दुकानात बायका असतात तशी रमायची. लॉरीच्या कमानीचे पाटे रचलेले होते. ती एकेकावर अंगठीनं टकटक करायची आणि कान लावायची. एक पाटा पसंत पडला. तो कापून दोन तुकडे करून घ्यायला गल्लीच्या टोकाला दस्तगीरचाचांकडे नेला. चाचा म्हणजे छिन्न्या आणि पहारी करणारा म्हातारा लोहार, पद्माचा सल्लागार.

"दो टुकड़े कायकू, अक्का? एक छुरी में कित्ता लोहा लगता?"

"एक बिगड़ गया तो?"

"तुम कब बिगाड़े?"

"मी नाही बिघडवत," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पण लोखंडाला काय माहीत ते?"

महिनाभर ती त्या पात्यावर होती. भादव्यात पाऊस रेंगाळला, पत्र्यावर पाऊस आणि खाली हातोडा, आणि मधे मी, हातात पुस्तक. पात्याचा बाक तिनं आईच्या जुन्या पात्यावरून पुठ्ठ्यावर काढून घेतला होता. अष्टमीच्या आधी तीन दिवस तिनं ते मला दाखवलं. कानस मारून झालेलं, करडं, टोकाला खवणीचे बारीक दात. "आता फक्त तापवून पाणी द्यायचं राहिलं," ती म्हणाली. "नवमीला पूजेत ठेवू. दसऱ्याला कोहळा चिरा त्यावर."

तेराव्यानंतर मोहन शेडच्या दारात उभा राहिला. पद्माहून आठ वर्षांनी धाकटा, तिच्याच हातावर वाढलेला. आत पाऊल टाकायला त्याला जड जात होतं. हत्यारं तिनं मांडली तशीच ओळीत होती, कुंकवाशिवाय.

"दाजी, हे ठेवून काय करायचं ओ? गंजून जाईल. पीण्यात माझ्या ओळखीचे एकजण आहेत, ते सगळं नेतील. चांगला माणूस आहे, वापरेल."

मला राग आला, आणि लगेच लक्षात आलं की तो पद्माचंच बोलतो आहे. वापरणार नाही त्यानं ठेवू नये.

"पुढच्या दसऱ्यापर्यंत थांब," मी म्हटलं. "विळीचं काम राहिलंय. ते मला जमलं तर हत्यारं इथं राहतील. नाही जमलं तर घेऊन जा, मी अडवणार नाही."

"तुम्ही?" त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग कानडीतलं 'बरं' म्हणाला, "सरी."

तिची वही छिन्न्यांच्या खणात होती. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मी ती घेऊन बसलो. अक्षराला अक्षर. एका पानाला अर्धा दिवस गेला. शेवटी वाक्य लागलं: चुंबक सोडलं की लगेच पाणी द्यायचं, सरळ आत, हलवायचं नाही. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक त्याला चिकटेनासं होतं, एवढं मला माहीत होतं. तारेला बांधलेलं चुंबक भट्टीशेजारी टांगलेलंच होतं. वाचता आलं याचा मला इतका आनंद झाला की दुसरं काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बादली नळाखाली भरली. भट्टी पेटवली. पातं लाल झालं, मग शेंदरी. चुंबक नेलं, ते चिकटलं नाही. सांडशीत धरून मी पातं सरळ बादलीत घातलं. वाफ आली. आणि वाफेच्या आतून एक आवाज आला. टक्. चिमणीनं काचेवर चोच मारावी एवढा.

बाहेर काढलं तेव्हा धारेपासून पाठीपर्यंत तडा होता. केसाएवढा. तिनं आयुष्यभर मोजले त्यापेक्षा जाड.

मी जेवलो नाही. संध्याकाळपर्यंत ते पातं मांडीवर घेऊन बसलो होतो. पाणी देणं या शब्दाचे अर्थ मला कुणीही विचारावेत. झाडाला पाणी देतात, गुराला देतात, गेलेल्या माणसाला देतात, हत्याराला देतात. अंगातल्या धमकेलाही पाणीच म्हणतात. "तुमचं पाणी बघते हं," असं पद्मा मला कॅरम खेळताना म्हणायची. सगळे अर्थ पाठ होते आणि तिच्या हातचं शेवटचं काम मी फोडलं होतं.

गुरुवारी पातं फडक्यात गुंडाळून शिवाजीनगरला गेलो. पद्मा गेल्याचं चाचांना कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला, डोळे मिटून काही पुटपुटले, बराच वेळ भात्याचा पंखा बंद ठेवला. मग फडकं उलगडलं.

"किस में डाले, साब?"

"पानी में. उसने लिखा था. पानी."

ते हसले नाहीत. तड्यावरून नख फिरवलं.

"पानी बोले तो पानी नै होता साब. ये कमान का लोहा है. इसकू तेल का पानी होना."

"तेल का पानी?"

"हौ. सब लोहार ऐसाच बोलते. तेल में डालते, पानी बोलते. अक्का बी वैसाच बोली होती."

आणि मला वास आठवला. वर्षातून पाचसहा वेळा शेडमधून तळणाचा वास यायचा. मी पुस्तकातून मान वर न करता विचारायचो, "बोंडे आणलेस?" आतून उत्तर यायचं, "नाही ओ, पाणी देत होते." मला वाटायचं थट्टा करते आहे. घरी येऊन ऐरणीमागची गोणी उचलली तर झाकणाचा डबा होता. कोपऱ्यावरच्या बोंडेवाल्याकडचं वापरलेलं तेल, तळाशी काळा गाळ. माझ्या खुर्चीपासून तो चार हातांवर होता. वळून बघायला किती वेळ लागला असता?

पण हे घरी आल्यावर. चाचांसमोर मी पातं परत फडक्यात गुंडाळत होतो.

"दूसरा टुकड़ा है ना घर में?"

"है."

"तो रोते कायकू?"

मी रडत नव्हतो. किंवा मला तसं वाटत होतं.

"आप सिखाएंगे?"

"इधर नक्को. घर में मारो, गुरुवार कू लाके दिखाओ. मैं गाली देतूं."

त्यांनी शब्द पाळला. पहिले दोन महिने मी गोल सळई चौकोनी केली आणि चौकोनी सळई गोल केली. मग खिळे. "ये कील है कि जिलेबी?" मग आकडे. मोठा घण पेलवेना म्हणून मनगट सुजलं. चाचा म्हणाले, छोटा हातोडा घ्या, लोखंडाशी मारामारी करायची नसते, ते मऊ असेल तेवढ्या वेळात बोलून घ्यायचं आणि परत भट्टीत ठेवायचं. नागराजण्णा एकदा कुंपणावरून डोकावले. "पद्मक्का नाहीत आणि ठोकतंय कोण म्हणून भ्यालो, सार," म्हणाले. मग माझे ठोके ऐकत उभे राहिले आणि फार सभ्यपणे सांगितलं की अक्कांचे तीन ठोके सारखे पडायचे. मला ते ठाऊक होतं. पाठ केलेली असली तरी कान उघडे होते. मोठा, लहान, लहान, आणि मग रिकाम्या ऐरणीवर एक हलका. त्या तालावर मी किती पुस्तकं संपवली असतील. आता तोच ताल हातातून काढायचा होता, आणि कानाला येतं ते हाताला येत नाही हे शिकायला मला त्रेसष्टावं वर्ष उजाडलं.

दुपारी मी वही लावायचो. वाचण्याचा वेग वाढला. बहुतेक पानांवर काम होतं: कोळसा ओला निघाला, सांडशीची रिव्हेट सैल, कमानीचं लोखंड फार तापवू नये. एका पानाच्या कडेला, कामाशी संबंध नसलेलं एक वाक्य होतं. यांना ठोकण्याचा त्रास होतो का, एकदा विचारायचं.

तिनं कधी विचारलं नाही. मी ते पान उघडं ठेवून उत्तरादाखल ऐरणीवर एक हलका ठोका मारला.

आषाढात मी दुसरा तुकडा भट्टीत ठेवला. पुठ्ठ्यावरचा बाक होता, पण पातं पुठ्ठ्याचं ऐकत नाही. एकीकडे मारलं की दुसरीकडे वळतं. श्रावण त्यात गेला, गणपती त्यात गेले. सूतक असल्यासारखं घरात काही केलं नाही, फक्त ठोकलं. खवणीचे दात जमेनात, सोडून दिले. पितृपक्षात चाचांनी पातं हातात घेतलं, एका डोळ्यानं धारेवरून पाहिलं आणि शिवी दिली नाही. "टेढ़ा है स्वल्प," म्हणाले. "चलता."

अष्टमीला वर्षश्राद्ध होतं. मोहन आणि त्याची बायको आली होती. भटजींनी तळहातावर तीळ ठेवले आणि म्हणाले, "पाणी द्या." अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. तिचं नाव घेतलं. तीनदा.

जेवणं झाल्यावर भटजी गेले. तीन वाजता मी धोतर बदललं आणि शेडमध्ये गेलो. मोहन मागोमाग आला, दारात थांबला, आणि माझ्या जुन्या खुर्चीवर बसला. त्यानं मात्र पाठ केली नाही.

तेलात आधी एक तापलेली सळई बुडवून ते कोमट केलं, वहीत होतं. पातं भट्टीत ठेवलं. ड्रायर लावला. लाल, मग शेंदरी. चुंबक नेलं तर चिकटलं. हात मागे घेतला. परत थोडा वेळ. परत नेलं. चुंबक निर्जीवासारखं लोंबत राहिलं. सांडशीत पातं धरलं, वळलो, सरळ डब्यात.

ज्योत उठली, धूर उठला. शेडभर बोंड्यांचा वास. मी हलवलं नाही. माझा सगळा जीव कानात होता. त्या एवढ्याशा आवाजाची मी वाट पाहत होतो. मनात दहापर्यंत मोजलं, मग वीस. तेल निवत गेलं. आवाज आला नाही.

"झालं, दाजी?" मोहननं विचारलं.

"थांब."

पुसून कानस घेतली आणि धारेवर ओढली. मऊ लोखंड असलं की कानस चावते. ती घसरली, काचेवरून घसरावी तशी. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. मग कानस मी मोहनच्या हातात दिली. त्यानं ओढून पाहिली आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिला.

एवढ्यावर काम संपत नाही. असं पातं कडक असतं पण ठिसूळ; त्याला मंद आचेवर परत थोडं नरम करावं लागतं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये दोन तास, गव्हाच्या काडीचा रंग चढेपर्यंत. मी ओव्हनसमोर पाट टाकून बसलो. पुस्तक घेतलं नाही. रात्री धार लावून पातं आईच्या पाटावर बसवलं.

नवमीला हत्यारं मांडली. घण, हातोडे, सांडश्या, कानशी, छिन्न्या. विळी. शेवटी चष्मा आणि पेन. चष्मा काढल्यावर कुंकू नेमकं कुठं लावतो आहे ते दिसेना. घणालाही लावलं, कुणी हात धरला नाही. त्या दिवशी काहीही वापरलं नाही. दोन कोहळे आणले होते. एक मोहननं फाटकाबाहेर फोडला आणि फोडी लगेच गोळा केल्या, कुणी घसरू नये म्हणून.

दसऱ्याला सकाळी पेपर पसरून विळीवर बसलो. दुसरा कोहळा पात्याला लावला. साल जाड, आत पाणीच पाणी. एकसारख्या फोडी पडल्या. मोहनची बायको ताक घुसळत होती.

"पीण्याचे ते विचारत होते काल," मोहन म्हणाला.

"नाही म्हणून सांग."

"सरी."

पातं किंचित डावीकडे झुकलेलं आहे. खवणीचे दात करायचे आहेत. तडा गेलेलं पद्माचं पातं शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं आहे. खिळा मी केलेला आहे. दहा ते बारा मी ठोकतो. मग भाजी चिरतो.